जबाबदार इंजिनिअर हवा आहे

मी शिक्षणाने पुलांचा इंजिनिअर आहे आणि पोटासाठी सॉफ्टवेअर तपासतो. आयर्लंडला आलो तेव्हा इथे जिकडेतिकडे रस्ते, पूल आणि घरं उगवत होती. त्या धामधुमीत मी काही वर्षं इमानेइतबारे काँक्रीट ओतलं, केलेल्या कामांचे पुरावे मांडले, तीन खडूस म्हाताऱ्यांसमोर बसून घाम गाळला आणि 'चार्टर्ड इंजिनिअर' हा किताब मिळवला. या देशात नुसतं 'इंजिनिअर' कोणीही म्हणवून घ्यावं, त्याला आडकाठी नाही. 'चार्टर्ड' मात्र मिळवावं लागतं आणि चूक केली तर काढूनही घेतात. मग बांधकामाचा फुगा फुटला, क्रेन गंजत उभ्या राहिल्या आणि मी लिमरिकच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर म्हणून चिकटलो. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्याबद्दल त्यांचीच बोलणी खायची, असं हे काम. किताब मात्र मी सोडला नाही. बायको त्याला माझी हौस म्हणते. हौस तर हौस.

इकडे आल्यावर मला कळलं की सॉफ्टवेअरच्या कंपनीत इंजिनिअर नसलेला माणूस औषधालाही सापडत नाही. बटण निळं असावं की हिरवं हे ठरवणारा इंजिनिअर. ग्राहकाला 'उद्या सांगतो' असं रोज सांगणारा इंजिनिअर. पुण्याहून आलेला आमचा मॅनेजर तर स्वतःला प्रिन्सिपल आर्किटेक्ट म्हणवतो. घरं बांधणाऱ्या माणसाने नोंदणी न करता स्वतःला आर्किटेक्ट म्हटलं तर इथे त्याच्यावर खटला होतो. आमच्या या गृहस्थाने उभ्या आयुष्यात घराची पायरीसुद्धा बांधलेली नाही, पण तो टेंभा मिरवतो तो बघण्यासारखा असतो. माझ्या घरचा गॅस बॉयलर बिघडला की येणारा मनुष्य आधी गळ्यातलं नोंदणीचं ओळखपत्र दाखवतो, मग पाना काढतो. आमच्या धंद्यात पाना आधी काढतात आणि ओळख पुढची नोकरी शोधताना दाखवतात.

एका दिवाळीला, इथल्या मराठी मंडळाने भाड्याने घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये, मी फराळाची प्लेट हातात धरून हा विषय काढला होता. सॉफ्टवेअरवाल्यांना डॉक्टरांसारखा परवाना असावा का? हॉलमध्ये जणू मी चकलीत केस निघाला म्हणालो, असे चेहरे झाले. इनोव्हेशन मरेल, असं एकाने सांगितलं. तो बँकेच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये तारखांचे रकाने सारखे करतो, त्याच्या हातून कुठलं इनोव्हेशन मरणार होतं देव जाणे. दुसऱ्याने तोंडातली शेव संपायच्या आत विचारलं, "परीक्षा असली तर डम्प्स मिळतील ना?" डम्प्स म्हणजे आधीच्या परीक्षेतून फोडून आणलेले प्रश्न, उत्तरांसकट. आमच्या लोकांकडे सर्टिफिकेटं ढिगाने असतात, क्लाउडची, सिक्युरिटीची, आणि कशाकशाची, आणि त्यातली बरीचशी अशी पाठ करून आलेली. इथे कोणी परीक्षा देऊन आला की ग्रुपवर पेढ्यांच्या फोटोआधी प्रश्न येऊन पडतात, आणि त्याला परोपकार समजतात. त्या दिवसापासून परवान्याबद्दलही माझं मत फारसं चांगलं राहिलं नाही. ज्यांना परीक्षा पास व्हायचं व्यसन आहे त्यांची परीक्षा घेऊन काय साधणार?

आता मूळ गोष्ट. आमची कंपनी फोनवरचं एक ॲप बनवते. रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन घरी घ्यावं लागतं अशा माणसांसाठी. आठवड्याला आपलं वजन टाकायचं, ॲप सांगतं रोज किती टोचायचं. इथली म्हातारी माणसं स्वतःचं वजन अजून स्टोनमध्ये सांगतात. एक स्टोन म्हणजे सव्वासहा किलोच्या किंचित वर. त्यामुळे गावाकडच्या आजोबांनी अकरा असं टाकलं की ॲप त्यांना अकरा किलोचे समजायचं. यावर आमच्या आर्किटेक्ट मॅनेजरने डोकं चालवलं. तीसपेक्षा कमी आकडा आला तर तो स्टोन आहे असं धरायचं आणि गुपचूप त्याचे किलो करून टाकायचे. माणसाला विचारायचं नाही. तीस किलोचा मोठा माणूस कुठे असतो? कल्पना चालली. मॅनेजरने त्यावर वर्षभर भाव खाल्ला, मालकाने सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

या वर्षी तेच ॲप लहान मुलांसाठी द्यायचं ठरलं. उत्तरेकडच्या एका हॉस्पिटलवाल्यांना ते हवं होतं, पण त्यांची एक अट होती. एका जबाबदार इंजिनिअरने नावानिशी सही करून सांगावं की हे मुलांसाठी सुरक्षित आहे. कंपनीत इतके इंजिनिअर, आणि 'जबाबदार' शब्द ऐकल्याबरोबर सगळे खाली मान घालून कामाला लागले. कोणालातरी माझा किताब आठवला.

मॅनेजर माझ्यासाठी स्वतः कॉफी घेऊन आला. तेव्हाच मी सावध झालो.

"सर, तुम्ही चार्टर्ड आहात ना?" तो म्हणाला. इतकी वर्षं मी त्याच्या लेखी कोणीच नव्हतो. आज सर झालो.

"आहे. पुलांचा."

"अहो, इंजिनिअर इज इंजिनिअर. त्यांना फक्त नाव आणि पदवी पाहिजे. एक सही केली की विषय संपला."

"मी हा प्रोग्रॅम लिहिलेला नाही."

"तेच तर बेस्ट आहे ना सर! इंडिपेंडंट ओपिनियन!"

मी म्हटलं, आधी तपासतो, मग बघू. तपासणं हेच माझं काम होतं, पण मुलांचा भाग माझ्याकडे अजून आलाच नव्हता. सही आधी आणि तपासणी नंतर, असा बेत असावा. मी फोन घेतला आणि नऊ वर्षांच्या मुलाचं साधारण असतं ते वजन टाकलं. अठ्ठावीस. ॲपने काही विचारलं नाही. अठ्ठावीस म्हणजे स्टोन असं धरलं, मुलाचा एक अगडबंब पुरुष केला आणि त्याचा डोस दाखवला. सहापटीहून जास्त. खाली हिरवी खूण आणि 'आज छान चाललंय' अशा अर्थाचं एक हसरं वाक्य.

पूल पडतो तेव्हा निदान आवाज तरी होतो. इथे एखादी आई किचनमध्ये उभी राहून, कोणावर तरी विश्वास ठेवून, स्वतःच्या हाताने लेकराला ते टोचणार होती.

मॅनेजरला दाखवलं. त्याने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा फोनकडे.

"पण सर, आजकालच्या आया किलोतच टाकतात."

"अरे, किलोत टाकलं तरच तर पोर मरतंय!"

"रेअर केस आहे. पुढच्या रिलीजला बघू. आत्ता हात लावला तर सगळं परत टेस्ट करावं लागेल."

मी मालकाला रीतसर ईमेल लिहिली. मालक कॉर्कचा, कायम हसतमुख, डोक्यावर आभाळ कोसळलं तरी "ग्रँड" म्हणणारा. त्याने उत्तर पाठवलं की मुद्दा उत्तम आहे, दुसऱ्या टप्प्यात घेऊ. मग मी मॅनेजरला सरळ सांगितलं. यावर सही केली आणि काही झालं तर किताब देणारी माझी संस्था मला समोर बसवून जाब विचारेल आणि तो काढून घेईल. तेव्हा सॉरी. तो लगेच मागे सरला. वादसुद्धा घातला नाही. किताब जाईल हे कारण त्याला पटलं, पोर जाईल हे पटलं नव्हतं. मी त्या दिवशी ताठ मानेने घरी गेलो.

दोन दिवसांनी कॅन्टीनमध्ये केक आला. मुलांचा भाग लिहिणाऱ्या मुलीला बढती मिळाली होती. ती नागपूरची, इथेच लिमरिकला एमएस्सी केलेली, कामाला वाघ आणि बोलायला भित्री. एका ईमेलमध्ये ती 'लीड सेफ्टी इंजिनिअर' झाली होती. काल सकाळपर्यंत असं पदच कंपनीत नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मॅनेजरने केक कापायला तिच्या हातात सुरी दिली. बकऱ्याला हार घालतात तसा तो प्रकार होता.

लोक पांगल्यावर ती कपांच्या प्रेसपाशी माझ्याजवळ आली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आम्हीही आता तेच म्हणतो.

"दादा, काँग्रॅट्स म्हणू नका प्लीज."

"म्हणत नाहीये."

"ते मला सही करायला सांगून राहिले. माझं वर्क परमिट रिन्यूला आहे. लेटर त्यांनीच द्यायचंय." ती कप पुसत होती, तो कधीचा कोरडा झाला होता. "मी आधीच म्हटलं होतं, की स्टोन की किलो, एवढा एकच प्रश्न टाकू. मी लिहूनसुद्धा ठेवलाय तो. बंद करून ठेवायला लावला. म्हणे एक टॅप वाढतो, युजरला इरिटेट होतं."

मी मॅनेजरच्या घराण्याचा मराठीत उद्धार केला. तिला हसू आलं नाही.

"दादा, तुम्ही नाही कसं म्हणालात? म्हणजे एक्झॅक्टली काय म्हणालात?"

"म्हटलं, माझा किताब जाईल."

मग अगदी साधेपणाने, खरोखरच उत्तर हवं असल्यासारखं तिने विचारलं, "मग मी काय जाईल म्हणू?"

मी तिच्या हातातला कप घेऊन प्रेसमध्ये ठेवला. मी एवढा बोलघेवडा माणूस, दिवाळीच्या हॉलमध्ये परवान्याची टवाळी करून आलेला. परवान्याने माणूस हुशार होतो की नाही यावर मी शब्दांचा कीस पाडत बसलो होतो. हुशार तर ती होतीच. तिच्याकडे नव्हती ती 'नाही' म्हणायची सोय. मी नकार दिला तेव्हा माझ्यामागे त्या खडूस म्हाताऱ्यांची अख्खी संस्था उभी होती, शिवाय खिशात या देशाचा लाल पासपोर्ट होता. तिच्यामागे कोण होतं? एक परमिट, तेही त्याच माणसाच्या मुठीत. ज्या धंद्यात कोणालाही एका ईमेलने इंजिनिअर करता येतं, तिथे त्या इंजिनिअरला दुसऱ्या ईमेलने नाहीसंही करता येतं. एवढी साधी गोष्ट मला समजायला त्या मुलीला कोरडा कप पुसत उभं राहावं लागलं, याची मला लाज वाटली.

तिने सही केली. मला तिचा राग आला नाही. ज्यांना आला असता त्यांनी तिच्या जागी उभं राहून दाखवावं.

मग हॉस्पिटलवाल्यांना ॲप दाखवायला लेटरकेनीला जायचं ठरलं. मालक आणि मॅनेजर मालकाच्या गाडीतून पुढे गेले. फोन चालवून दाखवायला मी, आणि सही केलेली म्हणून ती, अशी आमची वरात माझ्या गाडीतून निघाली. गॉलवे गेलं, स्लायगो गेलं, पाऊस काही जाईना. मी तिला माझा बेत सांगितला.

"तू काही बोलू नकोस. फोन माझ्या हातात असेल. मी सरळ अठ्ठावीस टाकतो आणि त्यांच्यासमोर धरतो. माझं काय वाकडं करतायत?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "नको, दादा. तुम्ही दाखवलंत तर मी खोटी सही केली असं होईल. केलीच आहे म्हणा. पण मग निदान सांगेन तरी मीच."

"परमिटचं काय?"

"रस्ता बघा ना दादा," ती म्हणाली. पुढे डोनेगलच्या डोंगरात धुकं उतरलं होतं, आणि मी गाडीचा वेग कमी केला.

हॉटेलच्या एका मीटिंग रूममध्ये सगळे जमले. हॉस्पिटलतर्फे त्यांची मुख्य फार्मासिस्ट होती, पांढऱ्या आखूड केसांची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेली बाई. मॅनेजरने अर्धा तास चित्रं दाखवली. एका चित्रात एक मूल फुगा धरून हसत होतं. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे घ्यायचं तर खाली माझा नोंदणी नंबर जातो. काही बिघडलं तर माझी नोंदणी जाते. म्हणून विचारते. तुमच्याकडून सही कोणाची आहे?"

मालकाने हसून मुलीकडे हात केला. मॅनेजर म्हणाला, "आमची लीड सेफ्टी इंजिनिअर."

ती उभी राहिली. बसून बोलली असती तरी चाललं असतं, पण ती शाळेत उत्तर देताना राहतात तशी उभी राहिली. माझ्याकडून तिने फोन मागून घेतला आणि टेबलावरून बाईंसमोर सरकवला.

"घेण्याआधी प्लीज एकदा तुम्ही स्वतः अठ्ठावीस किलोचं मूल टाकून बघा," ती म्हणाली. इंग्रजी तिचं एरवी अडखळतं, तेव्हा अडखळलं नाही.

बाईंनी चष्मा चढवला. आकडा टाकला. डोस वाचला, पुन्हा टाकला, पुन्हा वाचला. मग फोन पालथा ठेवला. मॅनेजर म्हणाला की हा एक छोटासा नोन इश्यू आहे आणि दुसऱ्या टप्प्यात तो घेतलेलाच आहे. बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी मुलीला थँक यू म्हटलं, आणि मालकाला सांगितलं की हे दुरुस्त झाल्याशिवाय आपण पुन्हा भेटायचं नाही. मालक म्हणाला, "ग्रँड." दुसरा शब्द त्याला येत असावा असं मला वाटत नाही.

तिला काढली ती खरं बोलली म्हणून नाही, छे. इतके अडाणी हे लोक नव्हेत. नव्या पदाबरोबर नवं प्रोबेशन आलं होतं, केकच्या दिवशी कोणी ते वाचलं नव्हतं, आणि त्या प्रोबेशनमध्ये ती 'अपेक्षांना उतरली नाही'. मालकाने मला लिफ्टपाशी गाठून सांगितलं की मुलगी फार गोड आहे, कोणाच्या मनात काही नाही. मी त्याला माझ्या मनात बरंच काही आहे असं म्हणालो. तो हसला आणि माझ्या खांद्यावर थाप मारून गेला. सध्या ती डब्लिनला ब्युमॉन्टमध्ये मैत्रिणींच्या खोलीत राहते आणि परमिट संपायच्या आत दुसरी नोकरी शोधते. घरी आईवडिलांना प्रोजेक्टसाठी तिकडे पाठवलंय असं सांगितलंय.

स्टोन की किलो हा प्रश्न ॲपमध्ये आला. तिनेच लिहून बंद करून ठेवलेला तो भाग, त्यांनी नुसता चालू केला. एवढंच काम होतं. मी तो उलटासुलटा तपासला, अगदी जीव खाऊन तपासला, आणि त्यात एक चूक सापडली नाही.

मग मॅनेजर पुन्हा कॉफी घेऊन आला, आणि तोच कागद.

"सर, आता तर काही प्रॉब्लेम नाही. आता करा सही."

खरंच काही प्रॉब्लेम नव्हता. त्या ॲपमध्ये आता कुठलंही पोर सुरक्षित होतं. मी म्हटलं, "हे काम तिचं आहे. तिला परत बोलाव आणि इथे तिचं नाव घाल."

तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला. "तिचं कसं घालणार सर? ती आता एम्प्लॉयी नाही. आणि तिचं बीएस्सी, मग इथलं एमएस्सी. टेक्निकली बघायला गेलं तर ती इंजिनिअर कुठे होती?"

मी कागद त्याच्याकडे सरकवला. कॉफी पण सरकवली.

"मग हे कोण करणार?" तो वैतागून म्हणाला. त्याने घड्याळात बघितलं, खिशातून पेन काढलं, आणि माझ्याच टेबलावर वाकून, जबाबदार इंजिनिअर म्हणून स्वतःचं नाव घालून सही केली. त्याला कोणाला विचारावं लागलं नाही.